टोरांटोचे नऊ

टोरांटो ते नागपूर हे अंतर साधारण बारा हजार किलोमीटर आहे. मी ते पृथ्वीगोलावर सुतळी ताणून मोजलं आहे. (तीस वर्षं सौंसरच्या शाळेत भूगोल शिकवलाय. सुतळी घरचीच!)

आमची लेक मनीषा पाच वर्षांनी येणार होती. तिच्या आईची, म्हणजे सुमनची, एकच इच्छा. पोरगी विमानतळाच्या दारातून बाहेर पडली की पहिल्यांदा आई दिसावी, आणि तिथंच भाकरीचा तुकडा ओवाळून टाकावा. परदेशातली पाच वर्षांची नजर म्हणजे काय थोडी?

मनीषानं तिकिटाचा फोटो पाठवला. नागपूर, सकाळी नऊ.

"हे तिकडचे नऊ," मी चष्मा पुसत म्हणालो. "टोरांटो आपल्या साडेनऊ तास मागं. म्हंजे इथं संध्याकाळचे साडेसहा!"

"अवं, पण नागपूर लिवलं हाय नं तिथं?"

"तिकीट कुठं निघालं? टोरांटोत. मंग घड्याळ कोनाचं राहीन?"

सुमन गप्प झाली. मास्तरशी लग्न केलेल्या बाईला गप्प बसायची सवय लागते, आणि मास्तरला वाटतं, तिला पटलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी निरोप आला. "आई, पोचले!"

"पाहा, पोचली ते!" सुमनच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"दिल्लीत पोचली. मधात थांबा असते."

"दिल्ली लिवलं हाय का?"

"सगळंच लिवत बसन का ते? थकून राहिली असंन!"

नंतर तिचा फोन लागेना. "उडाली," मी समाधानानं म्हणालो. (ती नागपूर विमानतळाबाहेर बॅगा घेऊन उभी होती. निरोप तिनं आतल्या वायफायवरून पाठवला होता; बाहेर तिकडचं सिम चालत नव्हतं.)

बाराला आम्ही सौंसरहून भाड्याच्या गाडीनं नागपूरला निघालो. विमानांजवळ मोबाईल चालू ठेवत नाहीत, म्हणून मी घरूनच बंद करून घेतला. सुमनचाही! जामसांवलीच्या फाट्याजवळ समोरून एक टॅक्सी गेली. सुमन मान वळवून बघत राहिली.

"आपली पोट्टी दिसली जी त्याच्यात!"

"पोट्टी हवेत हाय!" मी म्हणालो.

साडेसहा वाजले, सात वाजले. शेवटी विमानतळाच्या दारावरच्या शिपायाला विचारलं.

"काका, दिल्लीचं विमान सकाळीच येऊन गेलं नं!"

फोन चालू केला, तर शेजारच्या बेबीबाईंचे एकवीस मिसकॉल. बाविसावा लगेच आला.

"गुरुजी, कुठं हाय तुमी? मनीषा दुपारपासून माह्या घरी बसून राहिली! तुमच्या घराले कुलूप! भाकर मीनंच ओवाळली, फिकर नका करू!"

सुमननं हातातला तुकडा पदरात बांधला आणि गाडीत जाऊन बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसाइतकी माझी मला कधीच लाज वाटली नाही.

महिन्यानं मनीषाची परत जायची तयारी सुरू झाली. विमान कधीचं, हे बेबीबाईंनाही ठाऊक होतं. मी विचारलं, तर दोघी मायलेकी एकदम म्हणाल्या, "तुम्ही फक्त गाडीत बसा!"

मी मुकाट्यानं लगेच दारातल्या गाडीत जाऊन बसलो. विमान दुसऱ्या दिवशीचं होतं!