आकडा थांबू दे गा

हसताना काका डावा पंजा तोंडावर ठेवायचे. रिटायरमेंटला आलेला माणूस, पण हसायचा नव्या नवरीसारखा.

तुमच्याही ओळखीत असा एकजण असेल, ज्याची नक्कल केल्याशिवाय डबा पचत नाही. मी काटोलहून नागपूरच्या एका पाणी तपासायच्या लॅबमध्ये उन्हाळी इंटर्नशिपला आलो आणि तिसऱ्याच दिवशी तिथल्या टेक्निशियन काकांची नक्कल बसवली. तोंडावर पंजा, तिरपी मान आणि "आकडा थांबू दे गा!" बाकीचे इंटर्न लोळायचे. "अजून एकदा कर नं बे!"

पंजाआडून कधी दात दिसलेच तर तपकिरी. पंजा काहून? आमचं निदान पक्कं होतं : तंबाखू-सुपारीचा खर्रा. नागपुरात तपकिरी दातांना दुसरं कारण लागत नाही.

पाण्यात फ्लोराईड किती, ते सांगणारं मशीन काकांकडे होतं. त्याची दांडी पाण्यात बुडवली की आकडा सरकत राहतो, बऱ्याच वेळाने थांबतो. तोवर काका स्टुलावर, पहिल्यांदा सासरी जेवायला आल्यासारखे गुमान बसायचे. मग दांडी धुवायची, पुसायची, पुन्हा बुडवायची. एका बाटलीला तीनदा.

"काका, एकदाच पाहिलं तर काय होते?"

"पाणी पिणारा एकदाच पिते का गा?"

मे महिन्यातल्या एका दुपारी कूलर बंद पडला. माझ्याकडे एका गावच्या शाळेतल्या हातपंपाची बाटली होती. आकडा सरकतच होता, पण मर्यादेच्या खाली होता, तेव्हाच मी तो लिहून टाकला. दुसरा आणि तिसरा मनाने लिहिला. शेरा मारला : पिण्यायोग्य. आणि उसाचा रस प्यायला पळालो.

परत आलो तर काका माझ्या वहीपुढे उभे.

"तीनदा केलं?"

काय बुद्धी झाली कोण जाणे. मी त्यांच्याच आवाजात म्हटलं, "आकडा थांबला गा!" आणि तोंडावर पंजा ठेवला.

काका हसले नाहीत. जवळ आले आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर ओठ मागे ओढून दात दाखवले. खडूसारखे पांढरे डाग, त्यावर तपकिरी पट्टे.

"खर्रा वाटते नं तुम्हाले? कधी तोंडात नाही टाकला. आमच्या गावच्या विहिरीच्या पाण्यातलं फ्लोराईड आहे हे. लहानपणी पेलो. आता डाग जात नाही." त्यांनी बाटली माझ्यापुढे सरकवली. "बस."

मी बसलो. आकडा मर्यादेपाशी आला, ओलांडून गेला, सरकतच राहिला. तीनही वेळा.

मी जुनं पान फाडायला गेलो, तर म्हणाले, "फाडू नको. रेघ मार अन् खाली लिही. लॅबच्या मॅडमले मी नाही सांगत."

खरा रिपोर्ट गेला. माफी मात्र मी मागितली नाही. जोकर माणसाला ती मागायची सवय नसते.

दसऱ्यानंतर मुद्दाम त्या गावी गेलो. हातपंपाला धोक्याचा लाल रंग मारला होता. पोरं टँकरच्या पाण्यासाठी रांगेत होती. फोटो काढला आणि काकांना दाखवायला थेट लॅब गाठली.

स्टूल रिकामं होतं. मॅडम म्हणाल्या, "तुला कळलं नाही? पोळ्याच्या दिवशी गेले ते."

मित्र अजूनही म्हणतात, कर नं ती नक्कल. मी करत नाही. पण कॉलेजच्या लॅबमध्ये आकडा लिहायची घाई केली की मागे स्टूल सरकल्याचा आवाज येतो. वळून बघतो. कोणी नसतं. मग हसून सोडून देतो, आणि डावा पंजा आपोआप तोंडावर जातो.

माझे दात तर पांढरे आहेत.