काठापासून बघणाऱ्या आक्का

आक्कांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो आईनं विणलेली साडी पोचवायला. आम्ही वडगावचे विणकर; त्या शहापुरात राहणाऱ्या, शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाई. आत बघतो तर भिंतभर पुस्तकं, आणि त्यातली बरीचशी फोटोंची! लग्नाच्या अल्बमापलीकडे फोटोंचं पुस्तक असतं, हे कॉलेजात जाणाऱ्या मला ठाऊकच नव्हतं. "हात धुऊन ये आणि बस," एवढंच त्या म्हणाल्या. त्यानंतर दर रविवारी मी जाऊ लागलो.

अक्षरांच्या वळणांची, रंगसंगतीची, छपाईच्या नमुन्यांची कितीतरी पुस्तकं आक्कांनी अनगोळच्या रद्दीवाल्याकडून उपसून आणलेली. एकदा लोंढा जंक्शनवर गाडी बदलताना शेजारच्या प्रवाशाच्या हातातलं फोटोंचं पुस्तक बघत बसल्या आणि गाडी चुकवली! घरी बोलणी खाल्ली, पण पुढं तेच पुस्तक मागवून घेतलं.

पुस्तक घरी न्यायला मात्र आम्हा शिकायला येणाऱ्या पोरांपैकी कुणालाच मिळत नसे. मी आपला मधला चेहरा बघून पान उलटायला गेलो, की हातावर चापट बसायची. "विणकराचा पोरगा नव्हं रं तू? साडी घेताना बाया आधी काय बघत्यात? काठ. मग हितं मधीच काय अडकतोस? कडंनं आत ये." आज मी पत्रिका, पोस्टरं, मुखपृष्ठं करून पोट भरतो ते या शिकवणीवर. फोनवर हवे तेवढे नमुने मिळतात, पण चापट मारायला तिथं कुणी नसतं.

गेल्या वर्षी आक्कांच्या डोळ्यांचा पडदा बिघडला. नजरेच्या मधोमध डाग. समोरचं माणूस ओळखू येईना. आम्ही शिष्यमंडळी गेलो, तर पुस्तकांची गाठोडी बांधून ठेवलेली. "वाटून घ्या. मला काय उपेग आता?" मला रडू आलं, रागही आला. एक गाठोडं सोडलं आणि पुस्तक उघडून त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी मान वळवून तिरकं बघितलं.

"खाली कोपऱ्यात कुणाचं तरी पाऊल हाय बघ."

ते पान मी कितीदा पाहिलं होतं. पाऊल मात्र त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"मधलं गेलं रं," आक्का हसल्या, "काठ तेवढा राहिलाय."

सगळी गाठोडी आम्ही तिथंच सोडली आणि पुस्तकं पुन्हा भिंतीला लावली.

आक्का, तुमची पंच्याहत्तरी झाली. मागावर ताणा शंभरीचा घातलाय असं समजा आणि धडधाकट राहा. पुस्तक आम्ही धरतो. काठ तुम्ही बघा, मधलं आम्ही सांगतो.