थोरलीचं सरकतं आळं

माझी थोरली जाऊ दरसाल एकदा, सूर्य डोक्यावर आला की मोसंबीच्या बागेत शिरायची. बाकीचे तेव्हा सावलीत आडवे होत. ही प्रत्येक झाडाच्या सावलीच्या कडेनं फिरून टाचेनं मातीत रेघ ओढायची. त्या साली झाडाचं आळं तिथंच. पाण्याची गोल चारी त्या रेघेवर. पुढच्या साली झाड वाढलं की चारी आणखी बाहेर. बुंध्याला मात्र मातीची भर, पाण्याचा थेंब नाही.

एकदा सालदार गड्यानं कंटाळून बुंध्यातच पाइप सोडला. तिनं पाइप हिसकावला. "खाणारी मुळं कव्हाच बाहेर गेली. त्यांच्या मागं जावं लागतं, बाबा." तिचं बोलणं गोड नव्हतं. माझंही नाही, म्हणून आमचं जमलं.

दीर लवकर गेले. मागं ही बाग आणि एकुलता विलास. त्याला पुण्यात कारखान्यात नोकरी लागली, तर हिनं जेवणच सोडलं. बाग कोण बघणार, मला कोण, एवढंच चालू. मी तोंडावर म्हटलं, "बाई, झाडाचं आळं दरसाल सरकवता, अन् पोराला बुंध्याशी बांधता?"

"झाड जागचं हलत न्हाई," ती म्हणाली. "पोरगं गेलं म्हंजे गेलं."

तिचं खोटं नव्हतं.

विलासनं भरलेली पिशवी रिकामी केली आणि मुकाट्यानं बागेत राबायला लागला. भांडला असता तर तिनं ऐकलं नसतं. त्याचा तो पडलेला चेहरा तिला बघवेना. एका सकाळी तिनं धपाटे बांधले आणि स्वतः त्याला तालुक्याच्या, घनसावंगीच्या जीपमध्ये बसवलं. "तसलं तोंड घेऊन हिंडलास तर फळं आंबट व्हतील. जा."

पुढं विलासचं लग्न झालं, आणि ही सुनेच्या बाळंतपणाला पुण्याला गेली ती तिकडंच राहिली. बाग माझ्या मुलाकडं सोपवून गेली. निघताना ती रडली नाही, मीही नाही. जीप हलेपर्यंत पाणी कुठं सोडायचं तेच सांगत होती.

पुण्यात आधी जिना उतरायला भ्यायची. मग फाटकापर्यंत गेली, मग भाजीबाजारात. आता नातीला घेऊन बसनं फिरते आणि फोनवर मला बोलावते. मी म्हटलं, गुडघे दुखतात.

"बस काय तुझ्या गुडघ्यावर चालती?"

मी घनसावंगीच्या पलीकडं फारशी गेलेली नाही. सोमवारी निघणार आहे.