घराण्याचा खोकला

पूर्वज शोधायला बसलं की पूर्वज सापडतीलच याची खात्री नाही, किस्से मात्र ढिगाने सापडतात. आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या पूर्वज शोधणाऱ्या ग्रुपकडे तर इतके साठलेत की कुणाच्याही घरी जेवायला गेलो तरी स्वीट डिश येईपर्यंत तेच चालू. आता आम्ही ते हसत हसत सांगतो. घडत होते तेव्हा सगळ्यांची पाचावर धारण बसली होती, आणि माझी सगळ्यात जास्त.

कारण सांगते. माझ्या नवऱ्याच्या, प्रशांतच्या घरात पुरुष पन्नाशी बघत नाहीत. सासरे खोकून खोकून गेले, त्यांचे वडीलही तसेच. "आमच्यात रक्तातच आहे ते," असं सासूबाई इतक्या सहज सांगायच्या, जसं काही घारे डोळे रक्तात असावेत. प्रशांत सत्तेचाळिसाचा झाला आणि त्याच हिवाळ्यात खोकायला लागला. डॉक्टरचं नाव काढलं की हा विषय बदलणार. किचन रिमॉडेल करू म्हटलं तर म्हणे, "पन्नाशीनंतर बघू." मी घाबरून कॅटलॉग मिटून ठेवायची. शेवटी वाटलं, निदान ही माणसं गेली कशाने ते तरी कळू दे, आणि त्याला ओढत ग्रुपमध्ये नेलं.

*

ग्रुप रविवारी दुपारी लायब्ररीत जमतो. पहिल्याच दिवशी तिथल्या व्हॉलंटियर आजीबाईंनी आम्हाला जुनी अमेरिकन जनगणना दाखवली. त्यात प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं काम लिहिलेलं, लोहार, कोळसा खाणकामगार, धोबीण. मग त्यांनी विचारलं, तुमचे लोक काय काम करायचे?

आम्ही गाव सांगितलं, कुलदैवत सांगितलं, गोत्रसुद्धा सांगितलं. आजोबा-पणजोबांचं काम त्या दिवशी आलेल्यांपैकी एकालाही सांगता येईना. आजीबाई पेन उघडून वाट बघत बसल्या होत्या.

*

ग्रुप सुरू केला विठ्ठलकाकांनी. रिटायर्ड इंजिनियर, हौसेने ऑनलाइन मोडी शिकलेले. त्यांनी गावाहून कोतवाल बुकाचे फोटो मागवले. गावात कोण जन्मलं, कोण कशाने मेलं, ते जुन्या काळी कोतवाल बुकात लिहून ठेवायचे. काका एकेक ओळ लावत होते आणि एकदम थांबले. चेहरा पांढराफटक. विठ्ठल गणपत, पुढे त्यांचंच आडनाव, मयत.

आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. काकांच्या घरी ते इतकं इमानदारीने चाललं होतं की एकाआड एक विठ्ठल आणि गणपतच. हे त्यांना आमच्या आधी ठाऊक होतं, तरी घरी जाऊन त्यांनी बीपी मोजलं आणि कॅलिफोर्नियातल्या मुलाला फोन केला. मुलाचं नाव अर्थात गणपत. तिकडे तो गॅरी आहे.

*

नलिनीमावशी दूरच्या श्रूजबरी गावाहून व्हिडिओवर असतात. त्यांचं घराणं नगरकडचं, ख्रिस्ती, आणि पिढ्यान्‌पिढ्या मास्तरांचं, असं त्या अभिमानाने सांगायच्या. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीचे फोटो आले तेव्हा एकट्याने उघडायचा त्यांना धीर होईना. आमच्यासमोर उघडले. खापरपणजोबांच्या नावापुढे काम लिहिलं होतं, कबरी खणणे.

मावशींनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. आता भावाला कसं सांगू, याचीच त्यांना धास्ती. शेवटी सांगितलं. भाऊ म्हणाला, "मग बरंय की. त्यांचा कधी ले-ऑफ तरी झाला नसेल."

*

आता आमची पाळी. प्रशांतने गावच्या चुलतभावाला, बाळूदादांना व्हिडिओ कॉल केला. म्हणाला, आपल्या जुन्या लोकांची माहिती हवी आहे. दादा म्हणाले, रविवारी कर. रविवारी केला, तर पलीकडे दादांच्या शेजारी काळ्या कोटातले वकील बसलेले!

अमेरिकेतला भाऊ अचानक वडिलांची, आजोबांची नावं विचारतो म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढवायला आलाय, यात गावाकडे कुणालाही शंका नसते. दादा आमच्यापेक्षा जास्त घाबरले होते. प्रशांतने वकिलांसमोर तीन-तीनदा सांगितलं, जमीन नको, फक्त माणसं हवीत. मग कुठे दादा मोकळे झाले. कोतवाल बुकाचे फोटो पाठवतो म्हणाले.

फोटो आले. विठ्ठलकाका वाचत गेले आणि हळूहळू त्यांचा आवाज बारीक होत गेला. वय बेचाळीस, खोकला. वय अडतीस, खोकला. वय पंचेचाळीस, खोकला. पुढचं वाचू नका, असं मीच म्हटलं. शेजारी प्रशांत खोकला, आणि खोलीतलं कुणीही त्याच्याकडे बघेना. मला तेव्हा रडू फुटलं. कशाला शोधायला निघाले मी, असं झालं.

त्याच आठवड्यात मी त्याला डॉक्टरकडे नेलं. खरं तर आमच्या लेकीने, रियाने नेलं. ती इथेच वाढलेली, तिला घराण्याची भीती वगैरे कळत नाही. "You're going, Baba," म्हणाली आणि कारची किल्ली घेतली. डॉक्टरने सगळं ऐकलं आणि त्या आजीबाईंचाच प्रश्न विचारला. तुमचे लोक काय काम करायचे?

वडील पुण्यात फरशीच्या कामावर होते एवढंच प्रशांतला ठाऊक, त्याआधीचं काही नाही. पार्किंग लॉटमधून बाळूदादांना फोन लावला. दादा म्हणाले, "काम? पाथरवट की रे आपण. जाती, पाटे, देवळाचे दगड. तुझे वडील पुण्याला फरशी कापायला गेले, तेही तेच काम."

एक्सरे स्वच्छ आला. प्रशांतचा खोकला ॲलर्जीचा निघाला. डॉक्टर म्हणाली, तुमचे लोक ज्याने गेले तो आजार रक्तातून येत नाही, दगडाच्या धुळीतून येतो. तुम्ही कीबोर्डच बडवता ना? मग जा घरी.

इतकी वर्षं छातीवर बसलेली भीती पार्किंग लॉटमध्येच उतरली. घरी जाता जाता प्रशांत स्वतःहून म्हणाला, "किचन करून टाकू."

*

किचनचा दगडी काउंटरटॉप बसवायला दोघं आले. सिंकचं माप चुकलं होतं, म्हणून त्यातला मोठा, चाळिशीतला माणूस ड्राइव्हवेवरच कटर लावून दगड कापायला बसला. पाणी नाही, मास्क नाही. पांढऱ्या धुळीत तो अर्धा दिसेनासा झाला होता. मधूनच कटर थांबवायचा, खोकायचा, पुन्हा सुरू करायचा.

खिडकीतून प्रशांतने ते पाहिलं. कोव्हिडपासून गॅरेजमध्ये पडून असलेला मास्कचा बॉक्स घेऊन तो चपला न घालताच धावला. कटर बंद करायला लावलं, पाण्याचा होज ओढून आणला, आणि विचारलं, हा खोकला कधीपासून आहे?

तो माणूस हसला. मास्क हातात तसाच धरून मोडक्या इंग्रजीत प्रशांतलाच धीर द्यायला लागला. म्हणाला, "घाबरू नका, सर. माझे वडीलही दगडच कापायचे, तेही असेच खोकायचे. लवकर गेले. आमच्या घरात पुरुष टिकत नाहीत. रक्तातच आहे ते आमच्या."