शेवटची काळी सोंगटी

प्रतिस्पर्ध्यांची शेवटची काळी सोंगटी मीच जाळीत घातली. आमच्या सोंगट्या पांढऱ्या होत्या. टी. नगरच्या क्लबातला कॅरमचा तो अंतिम डाव, आणि बक्षिसाची समई गेली.

चिठ्ठी टाकून मिळालेली माझी जोडीदारीण अनोळखी तमिळ बाई होती. पदर खोचून, दर वेळी स्ट्रायकरवर फुंकर मारून तिनंच आम्हाला इथवर आणलं होतं. मी घरी कधीच हरत नाही, हे मी तिला आल्या आल्या ऐकवलं होतं.

तिनं बोटांवरची पावडर शांतपणे झटकली आणि इकडे वयस्क बाईला म्हणतात तसं मला मामी म्हणत विचारलं,

"मामी, घरी कुणाशी खेळता?"

"सुनेशी."

"फार चांगली आहे हो सून तुमची."

सगळे हसले. मागे बसलेली सूनसुद्धा. ती बाई पुन्हा कधी दिसली नाही. सुनेशेजारी ऑटोत बसून घरी मात्र मलाच जायचं होतं.