फोटोखालची ओळ

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या त्या बंदरगावात साप्ताहिकातल्या फोटोंखालच्या ओळी अर्डिस केली लिहायची. जन्म गेला तिचा त्यात. कुणाचा जत्रेतला भोपळा असो की चर्चमधली शनिवारची पंगत, लोक आधी अर्डिसची ओळ वाचणार आणि मग फोटो बघणार. बाईला साध्या ओळीचं भारी वावडं. 'अमका पिंजरा ओढताना' हे काय, कुणीही लिहील, म्हणायची.

तिच्या भाच्याचा, हार्लनचा फोटो आला तेव्हाही तिने हौस केलीच. शेवंड धरायचा पिंजरा होडीत घेताना तो मान वळवून बघतोय, मागे नुसतं धुकं. अर्डिसने लिहिलं, 'कुणाची चाहूल नाही, धुकं दाट, आणि हार्लनच्या हाती पिंजरा.'

झालं! दुसऱ्याच्या पिंजऱ्याला हात लावणाऱ्याला त्या गावात कुणी दारात उभं करत नाही. तळाशी सोडलेला पिंजरा कुणाचा ते कळतं त्याला दोराने बांधलेल्या, वर तरंगणाऱ्या ठोकळ्याच्या रंगावरून, आणि पेपरातला फोटो काळापांढरा. धक्क्यावरच्या दुकानात क्लाइड नावाच्या कोळ्याने पेपर पसरला.

"मागे कसा बघतोय बघा."

"तोंडच सांगतंय की," दुसरा म्हणाला.

"तरीच माझे पिंजरे रिकामे निघतायत."

परवापर्यंत हीच माणसं हार्लनच्या होडीत बसून त्याची कॉफी ढोसत होती, बरं का.

अर्डिस घाबरली. पुढच्या अंकात तिने छापलं, 'हार्लनच्या हातातला पिंजरा त्याचा स्वतःचाच होता.' ते वाचून तर लोकांची खात्रीच पटली. खुलासा करायची वेळ का यावी, म्हणे. त्याच आठवड्यात कुणीतरी हार्लनच्या पिंजऱ्यांचे दोर कापले. पोटापाण्याचं सगळं समुद्राच्या तळाशी राहिलं.

हार्लन कचेरीत आला. त्याने पेपरातला फोटो तिच्यापुढे ठेवला. खालची ओळ फाडून टाकलेली होती.

"मावशी, फोटो काढणाऱ्याने हाक मारली म्हणून मी वळून बघितलं. पिंजरा माझाच होता."

"मला का ठाऊक नाही, बाळा?"

"नीट बघ आणि मग सांग."

अर्डिसने चष्मा पुसला, फोटो डोळ्यांजवळ धरला. अंगाखांद्यावर खेळवलेलं पोर ते. खाली आता एक अक्षर नव्हतं. तरी ती वळलेली मान, ते धुकं... खरं बोलतोय ना हा, असं तिच्या मनात आलंच. मेलं मन ते! तिला स्वतःचीच चीड आली.

"तुझाच आहे रे," ती म्हणाली.

हार्लनने फोटो तिच्या हातातून काढून घेतला.

"मग एवढा वेळ का लागला, मावशी?"