वरातीत पिळलेली गाडी
सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास आला की मला राजुरीतली पुतण्याची वरात आठवते. आमच्याकडे वरातीत मोटरसायकल जागेवर उभी करून रेस पिळायची हौस फार, आणि अशाच एका जुन्या वरातीत माझ्या गाडीचा वॉल्व्ह वाकून इंजिन बसलं होतं. ते नव्याने बांधताना जुन्नरच्या मेकॅनिकचाचांनी इग्निशनचा वेगळा डबा बसवला होता. "कितीबी पिळा भाऊ, मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांच्या वर ह्यो ठिणगीच देणार न्हाई," असं ते म्हणाले होते. मला मात्र खात्री नव्हती; शिकताना रेस जास्त पिळली जाऊन इंजिन पुन्हा बसेल या भीतीने, माझी मुलगी गाडी शिकवा म्हणून मागे लागली तरी मी टाळत होतो. पुतण्याच्या मित्रांनी त्या दिवशी चावी लावलेली पाहून नेमकी माझीच गाडी धरली. मी गर्दीतून पोचेपर्यंत रेस पूर्ण पिळलेली होती. इंजिन एका आवाजापर्यंत चढलं, तिथेच अडखळू लागलं, आणि ठिणगी तुटल्याने न जळलेलं कच्चं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन तिथून बार निघाले. "लई भारी, राव! अजून दे!" म्हणत पोरं नाचू लागली. मी गाडी बंद केली, जरा थांबून किक मारली, तर पहिल्या किकला सुरू, आवाजही स्वच्छ. मागे मुलगी उभी होतीच. "पप्पा, यांच्या हातून वाचली, मग माझ्या हातून काय व्हतंय तिला? उद्यापासून शिकवा." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लेण्याद्रीच्या रस्त्याला लागलो. आता ती त्याच गाडीवर रोज जुन्नरला कामाला जाते, आणि मला बाजारात जायचं असलं तर तिच्या सुट्टीची वाट बघावी लागते.